लाल रंगातला एक्क्याण्णव

मित्रांनो, जरा लांब उभे राहा. खिचडीचे हात माझ्या अंगाला पुसायची तुमची सवय मला चांगली ठाऊक आहे. तुमच्याविषयी माझे मत कधीच फारसे चांगले नव्हते, आणि तुमच्या जुन्या गुरुजींविषयी तर ते बोलून दाखवण्यासारखेही नाही. तरी माझी हकीकत सांगतो. तुमच्यापैकीच एका पोरीने मला एकदा खोटे पाडले, आणि ते लपवून ठेवण्याइतका मी लबाड नाही.

मी पत्र्याचा फलक आहे. वयाने बारा वर्षांचा, म्हणजे पत्र्याच्या हिशोबात म्हातारा. चार फूट लांब, चार फूट रुंद. अंगावर एकपासून शंभरपर्यंतचे आकडे, दहा-दहाच्या दहा ओळींत. काही लाल, काही हिरवे, आणि एक हा आकडा तेवढा पांढरा. लाल त्या मूळ संख्या आणि हिरव्या त्या संयुक्त संख्या.

फरक सांगतो, नीट ऐका. ज्या संख्येला फक्त दोनच संख्यांनी पूर्ण भाग जातो, एकने आणि तिने स्वतःने, ती मूळ संख्या. सात घ्या. सात चिंचोके सारख्या रांगांत मांडून पाहा. दोन रांगा केल्या तर एक उरतो, तीन केल्या तरी एक उरतो. शेवटी सातांची एकच लांब रांग करावी लागते. बाराचे तसे नाही. बारा चिंचोके दोन रांगांत बसतात, तीन रांगांत बसतात, चार आणि सहा रांगांतही बसतात. म्हणून बारा ही संयुक्त संख्या. आणि एक? त्याला एकाच संख्येने भाग जातो, ती म्हणजे तो स्वतः. दोन विभाजक त्याला जमलेच नाहीत. म्हणून तो ना इकडचा, ना तिकडचा.

मला माझ्या लाल आकड्यांचा फार गर्व होता. ते कोणाला दारात उभे करत नाहीत, असे मी म्हणे. हिरव्यांचा मला तिटकारा होता. दोन आला, बस. तीन आला, बस. चार आला, तूही बस. चहाच्या टपरीवरच्या बाकासारखे ते मला वाटत, ज्यावर कोणीही येऊन टेकावे.

माझा जन्म कोहमाऱ्याचा. तिथे हायवेच्या चौकात बकाराम नावाचा पेंटर बसत असे. ट्रकांच्या मागे फुले काढायची, ढाब्यांच्या पाट्या रंगवायच्या, हा त्याचा धंदा. एक मोठा पत्रा कापून त्याने दोन तुकडे केले. एका तुकड्यावर त्याने 'गरम चाय, नाश्ता, भोजन' असे लिहिले. दुसरा तुकडा मी. ढाब्यावरच्या त्या भावाशी मी कधीच नाते सांगितले नाही.

मला बनवून घ्यायला आले ते भैयाजी रहांगडाले गुरुजी, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी स्वतःच्या हाताने आकड्यांची यादी लिहून आणली होती. कोणता आकडा लाल आणि कोणता हिरवा, ते त्यांनीच ठरवले होते.

बकारामने यादी उलटसुलट पाहिली. "गुरुजी, हे लाल अन् हिरवे वेगवेगळे काऊन केले? मले समजलं नाई."

"तुला समजून काय करायचं आहे? तू रंग लाव."

दोन दिवस बकाराम माझ्यावर वाकलेला होता. काम संपल्यावर त्याने ब्रशच्या दांडीने एकेक आकडा मोजला आणि तो जरा थांबला. "गुरुजी, लाल तं सव्वीस होऊन राहिले. खाली तुमी पंचवीस लिवाले सांगितलं."

गुरुजी हसले. "अरे भई, शिक्षक मी आहे की तू?"

बकारामने खाली 'एकूण मूळ संख्या २५' असे लिहिले. त्याखाली 'संकल्पना व मार्गदर्शन : भैयाजी रहांगडाले' असेही लिहिले, आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला. मीही गुरुजींबरोबर मनातल्या मनात हसलो. ट्रकवर मोर काढणाऱ्याने आम्हाला मोजायला शिकवावे, याहून विनोदी मला काही वाटले नाही.

मला शाळेच्या व्हरांड्यात चार खिळ्यांवर ठोकले. तिथे मी दहा वर्षे राहिलो.

त्या दहा वर्षांत माझे कौतुक झाले, पण कौतुक करणाऱ्यांकडे पाहून मला कधी बरे वाटले नाही. वर्षातून एकदा तालुक्याचे साहेब येत. "वा, छान उपक्रम!" म्हणत, माझ्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत आणि निघून जात. फोटोत त्यांचा चेहरा कॅमेऱ्याकडे असे आणि पाठ माझ्याकडे. जिल्ह्यातल्या किती मोठ्या लोकांच्या पाठी मी ओळखतो, हे सांगायला लागलो तर संध्याकाळ होईल.

मुलांचे तर विचारूच नका. सकाळी प्रार्थना झाली की ती दोनपासून तीसपर्यंतचे पाढे ओरडत. दुपारी माझ्यापुढे उभी राहून लाल आकडे ओरडत. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, असे थेट सत्त्याण्णवपर्यंत. एखाद्याला मी विचारू शकलो असतो, 'बाबा रे, तेवीस मूळ का?' तर त्याने उत्तर दिले असते, 'लाल हाय म्हनून.' गाढवाच्या पाठीवर ग्रंथ लादला तर तेही इतक्याच श्रद्धेने तो वाहून नेईल.

आणि सगळ्यांत जास्त तुच्छ मला वाटे ती धुरपताबाई. ती शाळेत खिचडी शिजवी. तिचे स्वयंपाकघर व्हरांड्याच्या समोरच होते. तिच्या चुलीचा धूर थेट माझ्या अंगावर येई. माझा चाळीस आणि पन्नास पिवळा पडला तो तिच्यामुळे. तिला सही करता येत नव्हती. पोरे जेवायला बसली की ती कंबरेवर हात ठेवून ओरडे, "ए पोट्ट्या, सरक ना तिकडं! पट्टीवर तेरा बसतेत, तेरा! कोनाचं ताट जमिनीवर नोको!" शाळेत सात लांब टाटपट्ट्या होत्या. ती त्या व्हरांड्यात एकामागे एक अंथरी आणि पोरांना त्यांवर बसवी. मी वरून पाहत असे आणि मनात म्हणे, अंगठाबहाद्दर बाई, तुला आकड्यांशी काय करायचे आहे?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर शाळेत एक नवीन मुलगी आली. दुर्गा उईके, सहावीत. तिचा बाप वनमजूर होता आणि त्याची बदली नवेगावकडून नागझिऱ्याच्या बाजूला झाली होती. आई भागीरथा जंगलात जाळरेषेच्या कामाला जाई. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलातला गवताचा पट्टा आधीच कापून साफ करतात, ते काम. दुर्गा बोलायची कमी. पण पाहायची फार. पहिल्याच दिवशी ती माझ्यापुढे बराच वेळ उभी राहिली होती, आणि तिने ओठ हलवले नव्हते. मला ती मंद वाटली.

शाळेत तोवर नव्वद मुले होती. दुर्गा आली आणि हजेरीत एक्क्याण्णव झाली.

जानेवारी लागला तशी सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तयारी सुरू झाली. त्या वर्षी साहेब झेंड्याला आमच्याच शाळेत येणार होते. गुरुजींना सगळे कसे रेषेत हवे होते. नव्वद मुलांच्या दहा-दहाच्या नऊ ओळी त्यांनी आधीच ठरवून ठेवल्या होत्या. पण आता नऊ ओळींच्या मागे दुर्गा एकटीच उभी राहिली. पांढरी रिबीन, धुतलेला गणवेश, हात मांड्यांना चिकटलेले.

गुरुजी व्हरांड्यात आले. त्यांनी माझ्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे पाहा. एक्क्याण्णव. लाल. म्हणजे मूळ संख्या. कशानेही भाग जात नाही. सारख्या ओळी होणारच नाहीत."

मी ताठ झालो. दहा वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझा निकाल मागितला होता आणि तो सर्वांसमोर वाचून दाखवला होता.

सातवीतला टिंकू म्हणाला, "गुरुजी, तिले झेंडा देऊन पुढं चालवा ना."

"झेंडा घेऊन पुढे मी आहे," गुरुजी म्हणाले. मग ते दुर्गाकडे वळले. "उईके, तू सगळ्यांत शेवटी आलीस. तू आली नसतीस तर नव्वद बरोबर होते. तुझ्यावर राग नाही, पण गणितापुढे माझं काय चालणार? तू जाऊन स्वयंपाकघराजवळ बस."

आणि मित्रांनो, तुम्ही नव्वदजण काय करत होतात? तुम्ही सरळ रेषेत उभे होतात. कोणी मागे वळूनही पाहिले नाही.

दुर्गा स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसली. ती रडली नाही. ती रिबिनीचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. धुरपताबाई तांदूळ निवडत होती.

"काऊन बसून राहिली वं इथं? कवायत नाई का तुले?"

"नाई. मी आली अन् एक्क्याण्णव झाले. एक्क्याण्णवले भाग जात नाई म्हने."

"कोन म्हनते?"

दुर्गाने माझ्याकडे बोट दाखवले. धुरपताबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. खरकट्या ताटाकडे ती जशी पाहते, तशी.

"माय येनार हाय सव्वीसले पाहाले," दुर्गा म्हणाली. "गार्डसाहेबाले सांगून ठेवलं तिनं, त्या दिवशी कामावर येत नाई म्हनून. आता मी तिले का सांगू? कुठं उभी राहू?"

धुरपताबाईने सूप बाजूला ठेवले. "उठ. ताटं मांड."

त्या दिवसापासून बाकीची मुले कवायत करत आणि दुर्गा ताटे मांडे. चौथ्या की पाचव्या दिवसाची गोष्ट. कवायतीमुळे त्या आठवड्यात एकही मूल गैरहजर नव्हते. सात पट्ट्या अंथरलेल्या होत्या. दुर्गा एकेका पट्टीवर ताटे ठेवत पुढे सरकत होती. धुरपताबाई मागून सांगत होती.

"तेरा ठेव. बारा ठेवले तं एक पोट्टं उभं राहते, चौदा ठेवले तं कोपर लागते एकमेकाले. तू येयाच्या आंदी शेवटच्या पट्टीवर एक जागा खाली राहे. मले बरं नाई वाटे. पंगतीत खाली जागा दिसली का कोनी उपाशी गेलं असं वाटते. तू आली अन् भरली ते."

दुर्गाने शेवटच्या पट्टीवर शेवटचे ताट ठेवले आणि ती तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली. तिने पट्ट्या मोजल्या. तिने एका पट्टीवरची ताटे मोजली. तिचे ओठ हलू लागले. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. ती हळूहळू म्हणत होती, सकाळी ओरडतात तसे नव्हे. तेरा चोक बावन्न. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

"तेरा साते एक्क्याण्णव," ती म्हणाली.

ती धावत व्हरांड्याच्या टोकाला आली, टाचा उंचावून तिने माझ्या लाल एक्क्याण्णववर अंगठा दाबला आणि माझ्याकडे पाहिले.

पत्र्याला घाम येत नाही, हे माझे नशीब. दहा वर्षे रोज सकाळी माझ्यासमोर शंभर तोंडांनी 'तेरा साते एक्क्याण्णव' म्हटले होते. दहा वर्षे रोज दुपारी त्याच तोंडांनी एक्क्याण्णवला भाग जात नाही असे म्हटले होते. सकाळच्या तोंडाची दुपारच्या तोंडाशी कधी ओळखच झाली नाही. आणि मी? मी दोन्ही ऐकत होतो. मी तर रात्रंदिवस तिथेच होतो. तुम्हाला खेळायला तरी जायचे असते, मला दुसरे काय काम होते? तरीही मला कधी शंका आली नाही. ज्यांना मी गाढवे म्हणत होतो, त्यांच्यात आणि माझ्यात एवढाच फरक होता की मी खिळ्यांवर टांगलेला होतो.

दुर्गा गुरुजींच्या खोलीच्या दारात गेली. खोली माझ्या शेजारीच आहे, मला सगळे ऐकू येते.

"गुरुजी, एक्क्याण्णवले भाग जाते."

"कोणी सांगितलं?"

"पट्ट्या सात हायेत. एका पट्टीवर तेरा बसतेत. कोनीच उरत नाई."

"ते जेवण आहे," गुरुजी म्हणाले. "हे गणित आहे."

असले वाक्य ऐकून एखादा खिळा आपोआप निघून पडायला हवा होता. पण माझे खिळे पक्के होते.

"भाग देऊन पाहा ना गुरुजी."

गुरुजींनी कागद ओढला. "पाहा. दोनने जात नाही. तीनने जात नाही. पाचने जात नाही. झालं?"

"सातानं पाहा."

"सात दाहे सत्तर. सातचा पाढा तिथे संपतो. एक्क्याण्णव त्यात येतच नाही."

"तेराच्या पाढ्यात येते."

कागदावर पेन एकदा भरभर चालले आणि थांबले. गुरुजींना कळले होते, हे मी त्या थांबलेल्या पेनावरून सांगतो. पेनाचे टोपण लावल्याचा आवाज आला. "हा फलक दहा वर्षं इथे आहे. साहेब लोक पाहून गेले. त्यांना दिसलं नाही ते तुला दिसलं का?"

"हो," दुर्गा म्हणाली.

"जा. बाहेर जा. मोठ्यांशी वाद घालायचा नसतो."

ती बाहेर आली आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. काय झाले ते तिने धुरपताबाईला सांगितले. बाईने चुलीतले लाकूड जरा जास्तच जोराने आत सारले.

पंचवीस जानेवारीला दुपारपर्यंत कवायत चालली. मग जेवणाची घंटा झाली. एक्क्याण्णव मुले सात पट्ट्यांवर बसली. ताटे पुढे होती. खिचडीचे पातेले तयार होते. पण धुरपताबाई वाढेना. झारा हातात घेऊन ती पट्ट्यांच्या पुढे उभी राहिली.

"गुरुजी, जरा बाहेर या."

गुरुजी बाहेर आले. "काय झालं? वाढ ना. पोरं दमली आहेत."

"वाढतो. पन तुमी म्हनता, एक पोरगी जास्त होऊन राहिली. मले दाखवा कोनती. मी तिचं ताट उचलतो."

"अगं, ते कवायतीचं आहे. जेवणाचं नाही."

"दाखवा ना पन. इथं सप्पा, सारेच बसले हायेत. कोन जास्त हाय?"

गुरुजींनी पट्ट्यांकडे पाहिले. पहिल्या पट्टीवर तेरा. दुसरीवर तेरा. शेवटच्या पट्टीच्या टोकाला दुर्गा बसली होती, तिच्यापुढे ताट होते आणि तिच्या पलीकडे पट्टी संपत होती.

मग धुरपताबाईने झारा वर केला. "चला रे पोट्टेहो, उभे व्हा. जागा सोडायची नाई. जिथं हाय तिथंच उभे व्हा."

मुले उभी राहिली. मित्रांनो, दहा वर्षांत मी खूप कवायती पाहिल्या. चुन्याच्या रेषा मारून, शिट्ट्या फुंकून, कान पिळून केलेल्या. त्या दिवशी कोणी शिट्टी वाजवली नाही. व्हरांड्यात सात ओळी उभ्या होत्या, प्रत्येक ओळीत तेरा. एकही मूल उरले नव्हते. एकही जागा रिकामी नव्हती.

सगळ्यांची डोकी हळूहळू वळली आणि माझ्याकडे लागली. माझा एक्क्याण्णव लालभडक चमकत होता. धुराने बाकी सगळे आकडे काळवंडले होते. तोच एक मेला कसा कोण जाणे स्वच्छ राहिला होता.

गुरुजींनी घसा साफ केला. "मी मुद्दामच थांबलो होतो," ते म्हणाले. "तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात येतं, ते पाहत होतो."

पहिलीतल्या पोरांनाही ते खोटे आहे हे कळले होते. मला त्या माणसाची शिसारी आली. चूक झाली, एवढे चार अक्षरी काम होते. त्यासाठी ना साहेबांची परवानगी लागत होती, ना बी.एड.

"आलं बापा लक्षात," धुरपताबाई म्हणाली. "बसा रे आता. खिचडी थंडी होऊन राहिली."

दुसऱ्या दिवशीची कवायत मी खिळ्यांवरून पाहिली नाही. साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून गुरुजींनी आदल्या संध्याकाळीच मला उतरवले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभे केले. दाराच्या फटीतून मला मैदानाचा एक तुकडा दिसत होता. पुढे गुरुजी झेंडा घेऊन चालत होते. मागून सात ओळी आल्या. शेवटच्या ओळीच्या टोकाला दुर्गा होती. कुंपणापाशी तिची आई उभी होती, पदर डोक्यावर, गवताने चिरलेले हात कुंपणाच्या तारेवर. पोरगी जवळून गेली तेव्हा भागीरथाने हाक मारली नाही. तिने तारेवरचे हात काढून पदराला पुसले, जणू आता कोणीतरी तिच्या हातात काही देणार आहे.

साहेब म्हणाले, "ओळी फार छान झाल्या." गुरुजी म्हणाले, "आमचं नियोजन असतं सर." धुरपताबाई चुलीपाशी होती. तिने फक्त नाक मुरडले. त्या नाक मुरडण्यात मी तिच्या बाजूने होतो, आणि हे मला स्वतःलाच नवीन होते.

त्यानंतर मला कोणी वर लावले नाही. मी तांदळाच्या कोठीवरचे झाकण झालो. पाच महिने उंदीर माझ्या अंगावरून पळत होते. एकदा पातेल्याचे बूड माझ्या छत्तीसवर टेकले आणि तिथला रंगच गेला. मी त्या अंधारात पुष्कळ विचार केला. मी ज्या हिरव्या संख्यांना टपरीचे बाक म्हणत होतो, त्यांच्यातल्याच एकीने त्या पोरीला ओळीत जागा दिली होती. त्या संख्येला लाल रंगात कोंडून ठेवून पोरीला जागा नाकारली होती ती मी. आकड्याचा त्यात काहीच दोष नव्हता. एक्क्याण्णव आधीपासूनच सात आणि तेरा होता, आम्ही विचारलेच नव्हते.

जूनमध्ये गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी चेतना पटले नावाच्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कोठीवरून मला उचलले.

"धुरपताबाई, हा फलक इथे का ठेवला?"

"खोटं बोलते तो, मॅडम."

बाईंनी मला भिंतीला टेकवून नीट पाहिले. त्यांनी लाल आकडे मोजले. मग खालचा पंचवीस वाचला. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी दुर्गाला बोलावले आणि तिच्या हातात ब्रश आणि हिरव्या रंगाची डबी दिली. दुर्गाने जीभ ओठांत धरून माझा एक्क्याण्णव हिरवा केला. रंग जरा जास्त झाला आणि नवाच्या पोटातून खाली ओघळला. बकारामने असे काम केले असते तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. दुर्गाला मी काहीही म्हटले नाही. रंग वाळल्यावर बाईंनी मला पुन्हा व्हरांड्यातल्या त्याच खिळ्यांवर चढवले.

पुढच्या वर्षी पुन्हा सव्वीस जानेवारी आली. दुर्गा सातवीत होती. काही मुले शिकायला तिरोड्याला गेली होती, काही पहिलीत नवीन आली होती. हजेरीत आता एकोणनव्वद मुले होती.

चेतनाबाईंनी सगळ्यांना माझ्यापुढे बसवले. "एकोणनव्वद. फलकावर लाल आहे. मग मूळ संख्या मानायची का?"

"नाई!" सगळी ओरडली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

मुलांनी पाट्यांवर भागाकार मांडले. दोनने एक उरला. तीनने दोन उरले. पाचने चार उरले. सातने पाच उरले. पाचवीतली खुशबू म्हणाली, "आता अकरानं, मंग तेरानं, मंग सतरानं..."

"कायले?" दुर्गा म्हणाली. "अकराले अकरानं गुनलं का एकशे एकवीस होतेत. आपले तं एकोणनव्वदच हायेत. अकरानं भाग गेला असता तं दुसरा आकडा अकराहून लहान राह्यला असता. लहान सप्पे पाहून झाले ना आपले."

खुशबूने बोटांवर काहीतरी करून पाहिले आणि मान डोलावली. एकोणनव्वद खरोखरच मूळ होता.

सारख्या ओळी होणार नाहीत, हे आता कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर त्यांनी स्वतः काढले होते. शेवटी पहिलीतला एक लहानगा, जो सगळ्यांत उशिरा शाळेत आला होता, त्याने घाबरून विचारले, "मंग कोनाले बसवता?"

चेतनाबाई उत्तर देणार होत्या. त्याआधी दुर्गाच बोलली.

"कोनालेच नाई. मूळ हाय तं एकच ओळ होते. एकच ओळ करू."

एकोणनव्वद मुलांची एक ओळ मैदानात मावेना. म्हणून त्यांनी ती शाळेच्या फाटकातून बाहेर काढली आणि गावच्या जुन्या तलावाच्या पाळीवर नेली. पाळ उंच आहे आणि अरुंद आहे, तिच्यावरून एकामागे एकच चालता येते. मी व्हरांड्यात माझ्या जागेवर होतो, आणि तिथून पाळ सरळ दिसते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेल्या धानाची शेते, आणि मधून ती लांबच लांब ओळ, प्रत्येकाच्या हातात कागदाचा झेंडा. पाण्यातही तेवढीच मुले चालत होती. गावातले लोक शेतात उभे राहून पाहत होते. धुरपताबाई चूल सोडून फाटकापर्यंत आली होती. सगळ्यांत पुढे तो पहिलीतला लहानगा होता आणि सगळ्यांत मागे दुर्गा, कोणी मागे राहू नये म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारखे फलक आपल्या शेवटी विनंती करतात की आम्हाला पुसा, रंग द्या, उन्हापावसात टाकू नका. मला तसले काही नको. तुम्ही पुसणार नाही, हे मला माहीत आहे. माझी काळजी घ्यायचीच असेल तर माझ्यापुढे आल्यावर एक आकडा निवडा, मी खोटे बोलतो आहे असे धरा, आणि त्याला भाग देऊन पाहा. मी खरा ठरलो तर मला आनंद आहे. मी खोटा ठरलो तर हिरवी डबी खिडकीत ठेवलेली आहे. आणि कोणी माझ्याकडे बोट दाखवून तुमच्यातल्या एखाद्याला ओळीबाहेर बसवू लागला, तर निदान एकदा मागे वळून पाहा. तेवढेही होत नसेल, तर कृपा करून खिचडीचे हात माझ्याऐवजी स्वतःच्याच शर्टाला पुसा.